दोन तारे आणि पान ४७

रायपूर स्टेशनच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की गुढियारी लागते. पुढच्या दाराशी टॅक्सी आणि हॉटेलं, मागच्या दाराशी पोती. साखरेची, पोह्यांची, चणाडाळीची. थोक किराण्याच्या या गल्ल्यांत सकाळीच हातगाड्या एकमेकींत अडकतात आणि हिंदी, छत्तीसगढी, सिंधी, मारवाडी असे सगळे आवाज एकदम चढतात. त्यात एखादा मराठी आवाजही असतो.

तो मामांचा. इथल्या एका दुकानात त्यांनी ३४ वर्षं मुनीमगिरी केली. लाल खातेवही गेली, संगणक आला, व्हॅट आला, जीएसटी आला. मामा त्याच गादीवर. निवृत्तीनंतर त्यांनी पुस्तक लिहिलं. रायपुरातल्या मराठी माणसांच्या आठवणी, १६० पानं, ५०० प्रती, खर्च पदरचा. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात प्रती वाटून झाल्या, तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांतून कौतुकाचे फोन आले. मग पुण्याच्या भाचीने ते पुस्तक ऑनलाइन विक्रीला लावून दिलं आणि तिथून घोळ सुरू झाला.

भाची लग्नाला म्हणून आली होती. वाचणारी मुलगी. दोनशेहून अधिक पुस्तकांवर तिने इंटरनेटवर लिहिलेलं आहे, कधी चार ओळी, कधी चार परिच्छेद. सकाळी मामीने तिच्या पुढ्यात चीला आणि लसणाची चटणी ठेवली, आणि मामांनी फोन ठेवला.

“वाच.”

एकूण चार अभिप्राय होते. दोघांनी पाच तारे दिले होते. तिसऱ्याने एक तारा देऊन लिहिलं होतं की पुठ्ठ्याचा कोपरा दुमडून आला. चौथा अभिप्राय चौदा ओळींचा. दोन तारे. आठवणी पाल्हाळिक आहेत, लग्नांच्या याद्या कशाला, मुद्रितं कुणी तपासलेली दिसत नाहीत, आणि ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक रायपुरात सुरू झालं असं पान ४७ वर छापलंय ते चूक आहे. नावाच्या जागी नुसतं ‘एक वाचक’.

“पाच, पाच, एक, दोन,” मामा म्हणाले. “झाले तेरा. भागिले चार, सव्वातीन. तो पुठ्ठेवाला काढ. बारा भागिले तीन, चार. म्हणजे कुरिअरच्या पोराने पार्सल आपटलं आणि माझं पुस्तक पाऊण ताऱ्याने घसरलं. बरं, तिथे सव्वातीन तरी दाखवावे? तीन दाखवून राहिले. हा कोणता हिशेब?”

“साधी सरासरी नसते ती. अ‍ॅमेझॉनने तर तसं उघड लिहूनच ठेवलंय. अभिप्राय किती ताजा आहे, वस्तू तिथूनच विकत घेतली आहे का, असं सगळं बघून यंत्र प्रत्येक ताऱ्याचं वजन ठरवतं.”

“वजन करतात, पण काटा दाखवत नाहीत. बाजारात याला दांडी मारणं म्हणतात.”

भाची हसली, पण तिचं म्हणणं ठाम होतं. “मामा, वाचकाने पैसे मोजलेत. त्याला कंटाळा आला, त्याने लिहिलं. लेखकाने त्यात पडायचं नसतं. गुडरीड्स हे वाचकांचं संकेतस्थळ तर लेखकांना आधीच बजावतं की वाईट परीक्षणाला उत्तर देऊ नका.”

“आणि नाव काहून नाही लिहिलं? आमच्याकडे माल परत करायला येणारा पायरीवर उभा राहून बोलतो. चार माणसं ऐकतात. त्यालाही लाज, आम्हालाही लाज. हा तोंडाला फडकं बांधून बोलून राहिला.”

“नाव असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

मामा जरा थांबले. “फोन केला असता.”

“म्हणूनच नाही लिहिलं.”

तिने मग त्यांना २०१४ सालची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या एका हौशी लेखकाच्या कादंबरीवर अठरा वर्षांच्या मुलीने इंटरनेटवर झोडपणारं परीक्षण लिहिलं. या गृहस्थाने तिचा पत्ता काढला, लंडनहून थेट स्कॉटलंड गाठलं, ती ज्या सुपरमार्केटात काम करत होती तिथे शिरला आणि मागून तिच्या डोक्यात दारूची बाटली घातली. रिचर्ड ब्रिटन त्याचं नाव. पुढच्या वर्षी त्याला ३० महिन्यांची कैद झाली. त्याच २०१४ मध्ये कॅथलीन हेल नावाच्या अमेरिकन लेखिकेने एका परीक्षण लिहिणारीचा माग काढत तिच्या दारापर्यंत जाण्याचा प्रताप केला, आणि तो ‘गार्डियन’मध्ये स्वतःच लिहून काढला.

“मी नुसता फोन म्हणालो,” मामा म्हणाले.

मामी आतून म्हणाली, “यांचा फोन म्हणजे पाऊण तास.”

मामांनी दुसरी वाट धरली. मंडळात ओळखीची वीसेक माणसं आहेत. प्रत्येकाला पाच-पाच तारे टाकायला सांगितलं तर? दोन ताऱ्यांचा तो अभिप्राय खाली गाडला जाईल, हिशेबही सुधारेल. भाचीने चीला तोडता तोडता मान हलवली. तो मार्ग फार जुना आहे आणि त्यावर बरेच जण तोंडघशी पडलेत. २००४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर काही दिवस तांत्रिक गोंधळ झाला आणि निनावी परीक्षणांखाली खरी नावं दिसू लागली. त्यात काही लेखक स्वतःच्याच पुस्तकाची तारीफ करताना सापडले. २०१० मध्ये ऑर्लंडो फायजिस हा रशियाच्या इतिहासाचा नामांकित अभ्यासक उघडा पडला. तो टोपणनावाने स्वतःची पुस्तकं उचलून धरत होता आणि प्रतिस्पर्ध्यांची पाडत होता. आधी त्याने बायकोचं नाव पुढे केलं, मग कबुली दिली. २०१२ मध्ये आर. जे. एलरी हा रहस्यकथाकार तसाच पकडला गेला.

“आणि आपल्या पाच ताऱ्यांचं काय?” मामांनी विचारलं. “ते दोघे कोण?”

एक रायपूरचेच निवृत्त शिक्षक होते. दुसरा भाचीचा सख्खा भाऊ. हे तिला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. आत्ता सांगावं लागलं.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी मनातल्या मनात पुन्हा भागाकार केला असावा.

राहता राहिला वकील. शेजारचा मुलगा कोर्टात जातो, एक नोटीस धाडायला काय लागतं? इथे मात्र भाचीने जे सांगितलं ते कोणाही लेखकाने एकदा वाचून ठेवावं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९९ बदनामीचं. त्याला दहा अपवाद होते, आणि सहावा अपवाद थेट लेखक-नटांसाठी: जी कृती कर्त्याने लोकांच्या निवाड्यासाठी समोर ठेवली, तिच्या गुणदोषांवर सद्‍भावनेने मत दिलं तर ती बदनामी नव्हे. आता ते सगळं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आलं आहे. गंमत उदाहरणांत आहे. एखादा म्हणाला, अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे तो माणूस कच्च्या बुद्धीचा असणार, तर ते चालेल. कारण त्याने पुस्तकावरून माणसाकडे बोट नेलं. पण तोच म्हणाला, पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल नाही, तो माणूसच तसला, तर संरक्षण संपलं. कारण आता पुस्तक निमित्त झालं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदा करणाऱ्यांना इंटरनेट ठाऊक नव्हतं, पण टीकाकार चांगले ठाऊक होते.

“या चौदा ओळींत तुमच्याबद्दल एक तरी शब्द आहे?” भाचीने विचारलं. “सगळं पुस्तकाबद्दल आहे.”

“पाल्हाळिक म्हणाला.”

“पुस्तकाला.”

मामा उठले आणि आतल्या खोलीतून पुस्तकाची प्रत घेऊन आले. पान ४७ उघडलं. त्या प्रकरणाचं नाव होतं ‘सप्रेजी’. आणि इथे गोष्ट जरा अवघड झाली, मामांसाठी.

माधवराव सप्रे हे मामांचं दैवत. १८७१ मध्ये दमोहजवळ पथरियाला मराठी घरात जन्मलेला हा माणूस आयुष्यभर हिंदीत लिहीत राहिला. १९०१ मधली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ हिंदीतल्या पहिल्या लघुकथांत गणली जाते. ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेलं. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे. पण मामांनी प्रकरणभर जे गौरवलं होतं ते ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक. जानेवारी १९०० मध्ये निघालेलं, सप्रे आणि रामराव चिंचोलकर संपादक, वामन बळीराम लाखे प्रकाशक. तेच लाखे, ज्यांच्या नावाचं लाखेनगर आहे. मासिकाने पहिल्याच अंकात जे हेतू सांगितले त्यांत एक असा होता: हिंदीत केरकचरा साचू लागलाय, तो साचू नये म्हणून नव्या पुस्तकांची परखड समालोचना छापायची. आणि ती छापलीही. श्रीधर पाठकांसारख्या नावाजलेल्या कवीची पुस्तकंही त्या काट्यावर तोलली गेली. हिंदीतल्या पुस्तक-परीक्षणाच्या घडणीत या मासिकाचं नाव आदराने घेतलं जातं. तीन वर्षांत, १९०२ अखेर, ते तोट्यापायी बंद पडलं.

“तुम्हीच लिहिलंय,” भाचीने ओळीवर बोट ठेवलं. “सप्रेजींनी लेखकांची भीडभाड ठेवली नाही, हे त्यांचे थोरपण.”

मामांनी चष्मा काढून पुसला. “सप्रेजींची गोष्ट वेगळी. ते खाली नाव लिहीत होते.”

हा मामांचा खरा मुद्दा होता, आणि तो हलका नाही. मराठीत टीका कधीच मऊ नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाले’त लोकहितवादींना सोडलं नाही, जोतीराव फुल्यांच्या व्याकरणाची तर टर उडवली. अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुलें’ काढून रविकिरण मंडळातल्या कवींचं असं विडंबन केलं की त्या कवितांइतकंच ते विडंबनही लोकांना पाठ झालं. आजचा एक तारा त्याच्या शेजारी ठेवला तर गुळचट वाटेल. पण चिपळूणकर कुठे बसतात हे सगळ्या पुण्याला माहीत होतं. त्यांनी मालेच्या ८४ अंकांत स्वतःची भाषा, स्वतःचे पूर्वग्रह, स्वतःचं अज्ञानसुद्धा मांडून ठेवलं. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना उलट त्यांचीच झडती घेता आली. मामांचं म्हणणं एवढंच की टीकाकारानेही काहीतरी पणाला लावावं.

“आणि फुल्यांनी काय केलं मग?” भाची म्हणाली. “व्याकरण सुधारत बसले? १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, आपल्याच बोलीत. हेच तर मी सांगतेय.”

“फुले होते ते. मी मुनीम आहे.”

या उत्तरावर तिला काही सुचलं नाही.

सप्रेजींच्या आयुष्यातला एक भाग मामांनी पुस्तकात दोनच ओळींत उरकला होता. नागपुरातून निघालेल्या ‘हिंदी केसरी’तल्या लेखांमुळे १९०८ मध्ये सप्रेंवर राजद्रोहाचा आरोप आला, अटक झाली. घरच्यांच्या दडपणाखाली त्यांनी माफीपत्र लिहिलं आणि ते सुटले. आपल्याच माणसांनी नावं ठेवली. तेव्हा त्यांनी खुलासे छापले नाहीत. ते लोकांतून बाजूला झाले, दासबोधाकडे वळले, अंगावर साधे कपडे, पोटाला जेमतेम अन्न असे दिवस काढले, आणि त्यातून पुन्हा रायपुरात येऊन कामाला लागले. अनुवादांचं मोठं काम त्यानंतरचं आहे. टीका पचवणं म्हणतात ते हे असेल, तर ते फार महाग पडतं, आणि कोणी कोणाला तसा सल्ला देऊ नये. मामांनी ही बाजू भाचीला वाचून नाही, आठवून आठवून सांगितली. पुस्तकात दोन ओळी का लिहिल्या हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

“नाव लिहिलं म्हणजे सगळं शिस्तीत होतं असंही नाही,” भाची म्हणाली. “नेमाडे आणि रुश्दी आठवतात?”

फेब्रुवारी २०१५. भालचंद्र नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं होतं. ‘टीकास्वयंवर’साठी साहित्य अकादमी मिळवलेला हा लेखक टीकेत कधी हात राखत नाही, त्यांनी रुश्दी आणि नायपॉल यांच्या लेखनाचा जाहीर समाचार घेतला. रुश्दींनी ट्विटरवर उत्तर दिलं. ‘कुरकुऱ्या म्हातारा’ अशा अर्थाची एक शिवी हासडली, बक्षीस घ्या आणि मुकाट आभार माना असं सुनावलं, आणि ज्यावर बोलताय ते वाचलं तरी आहे का अशी शंकाही काढली. दोघंही जगभर नावाजलेले, दोघांचीही नावं ठळक, आणि साहित्याबद्दल त्या भांडणातून कोणाला नवं काही कळलं नाही. ज्याच्यावर सुपारी निघाली, जो वर्षानुवर्षं पहाऱ्यात राहिला, त्या लेखकालाही एका टीकेचा काटा एवढा बोचावा! म्हणजे कातडी जाड होते हा समजच खोटा असणार.

“चांगलं उदाहरणही आहे ना आपल्याकडे,” मामा म्हणाले. “कुरुंदकरांचं.” ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना ज्यांनी वाचली आहे त्यांना हे आठवेल. नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना शिवचरित्राबद्दल प्रदीर्घ पत्र लिहिलं, कौतुकाचं कमी, प्रश्नांचं जास्त. देसाईंनी ते दडवलं नाही. कादंबरीच्या तोंडाशीच छापलं. “तसा टीकाकार द्या मला. मीपण छापतो.”

“तुमचा टीकाकार पान ४७ सांगतोय. कुरुंदकर नसेल, पण पान क्रमांक देतो.”

उन्हं दारात आली होती. आता भाचीवर पाळी होती, कारण मामांनी फोनवर काहीतरी शोधून ठेवलेलं होतं. एलिझाबेथ गिल्बर्ट ही अमेरिकेतली मोठ्या खपाची लेखिका. जून २०२३ मध्ये तिने सैबेरियात घडणारी नवी कादंबरी जाहीर केली. युद्ध चालू असताना रशियाची गोष्ट कशाला, म्हणून युक्रेनी वाचक संतापले आणि गुडरीड्सवर एकेका ताऱ्याचे पाचशेहून जास्त अभिप्राय पडले. पुस्तक यायचं होतं २०२४ च्या फेब्रुवारीत. कोणीही एक पान वाचलेलं नव्हतं. गिल्बर्टबाईंनी काही दिवसांतच ते मागे घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात केट कोरेन नावाच्या नवोदित लेखिकेची कुलंगडी निघाली: खोटी खाती काढून ती आपल्याबरोबरच्याच नव्या लेखकांना एक-एक तारा देत होती. तिच्या प्रकाशकाने तिचं पुस्तक रद्द केलं.

“हे तुझे वाचक?”

भाचीने यावर आनंद यादवांचं नाव काढलं, पण ते तिच्या बाजूचं नव्हतं आणि तिला ते बोलता बोलताच उमगलं. ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकरी संघटना खवळल्या. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद संमेलन भरण्याआधीच सोडलं. तिथे तारे नव्हते, संकेतस्थळ नव्हतं. न वाचता चिडणाऱ्यांची गर्दी जमायला पूर्वीही वेळ लागत नव्हता. फरक इतकाच की तेव्हा निदान मोर्चा काढावा लागे, उन्हात चालावं लागे. आता अंगठा पुरतो.

असल्या अंगठ्यांना आवर घालायला भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलं आहे; अभिप्राय देणारा खरा आहे की नाही याची शहानिशा दुकानांनी करावी, असं त्यात आहे. पण ते ऐच्छिक. साबणाला आणि कादंबरीला एकच मानक, हाही भाग आहेच.

मग भाची एकदम म्हणाली, “मीपण एकदा केलंय.”

चार वर्षांपूर्वी तिने एका नवख्या लेखकाच्या कथासंग्रहाला एक तारा दिला होता आणि खाली एकच वाक्य: या कागदासाठी झाडं फुकट तुटली. वाक्याला शंभराच्या वर लोकांनी पसंती दिली. आठवड्याने त्या लेखकाचा निरोप आला. राग नव्हता, धमकी नव्हती. एवढंच विचारलं होतं की, कोणती कथा फसली असं तुम्हाला वाटतं? तिने संग्रहातल्या तीनच कथा वाचल्या होत्या. तिने उत्तर दिलं नाही. तो अभिप्राय अजून तिथे आहे आणि अजून त्याला पसंती पडते.

“काढून टाक,” मामा म्हणाले.

“काढला तर खोटं बोलल्यासारखं होईल. तीन कथा खरंच वाईट होत्या.”

“मग बाकीच्या वाच आणि लिही. किती कथा आहेत?”

“अकरा.”

“आठ राहिल्या.”

मामांनी ज्या स्वरात हे म्हटलं तो थकबाकी सांगण्याचा स्वर होता.

वातावरण जड होऊ नये म्हणून म्हणा किंवा खरंच मामांना धीर द्यावा म्हणून, भाचीने आकडे काढले. जोना बर्गर, अ‍ॅलन सोरेन्सन आणि स्कॉट रासमुसेन यांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ज्यांची वाईट परीक्षणं आली अशा पुस्तकांचा खप त्यांनी तपासला. नाव झालेल्या लेखकांचा खप १५ टक्क्यांनी घटला. अनोळखी लेखकांचा मात्र ४५ टक्क्यांनी वाढला. वाईट का होईना, नाव कानावर पडतं. काय वाईट लिहिलं होतं ते लोक विसरतात.

“म्हणजे मी अनोळखी आहे, हा माझा फायदा.”

“तसंच काहीसं.”

“आणि बक्षीस मिळालं तर?”

त्याचाही अभ्यास आहे. बलाझ कोवाक्स आणि अमांडा शार्की यांनी २०१४ मध्ये दाखवलं की मोठं पारितोषिक मिळालं की गुडरीड्सवर त्या पुस्तकाचे तारे खाली येतात. पुस्तक बिघडतं म्हणून नव्हे. बक्षिसाच्या ओढीने असे वाचक येतात ज्यांचा तो पिंडच नसतो. मामांना हे लगेच पटलं, कारण असंच काहीसं त्यांनी याच गावात पाहिलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये रायपुरात विनोद कुमार शुक्लांना एका कादंबरीच्या मानधनाचा ३० लाखांचा धनादेश जाहीर समारंभात दिला गेला. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही ती कादंबरी, १९९९ च्या साहित्य अकादमीची मानकरी. पंचवीस-तीस वर्षं थोड्या लोकांनी जीव लावून वाचलेलं ते पुस्तक एकाएकी हजारोंच्या हातात गेलं, आणि समाजमाध्यमांवर खपाच्या आकड्यांचा काथ्याकूट झाला. मामांच्या शेजारच्या मुलाने ती विकत आणली, चाळीस पानांवर सोडली आणि “इसमें कुछ होता ही नहीं” म्हणून मामांनाच देऊन टाकली.

“तुम्हाला आवडली?”

“दोनदा वाचली,” मामा म्हणाले. “पण त्या पोराचंही खरं आहे. त्यात काही होत नाही.”

दुपारी मामा तिला बाजारात घेऊन गेले. जुन्या दुकानात कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच. मसुराचा माल उतरत होता. तिथल्या पोराकडून मामांनी परखी मागून घेतली आणि भाचीच्या हातात दिली. वीतभर लांबीची लोखंडी पन्हळ, टोकाला निमुळती, मागे धरायला मूठ. पोत्याच्या अंगात तिरकी खुपसायची, किंचित फिरवायची, बाहेर ओढायची. पन्हळीतून मूठभर दाणे तळहातावर येतात. पोतं फुटत नाही. सुतळीचे धागे बाजूला सरतात आणि परखी निघाल्यावर बोटाने चोळलं की भोक मिटतं.

“एकाच ठिकाणी खुपसू नको,” मामा म्हणाले. “वर चांगला माल असतो, तळाशी माती. किंवा उलटं. तीन जागी बघायचं.”

तिने तीन जागी बघितलं. तिसऱ्या मुठीत दोन खडे निघाले. दुकानातल्या पोराने ते उचलून रस्त्यावर फेकले, वहीत काहीतरी टिपलं आणि तो पुढच्या पोत्याकडे वळला. दोन खड्यांवरून कोणी आवाज चढवला नाही.

संध्याकाळी मामांनी ‘छत्तीसगढ मित्र’बद्दल घरातली तीन पुस्तकं काढली. दोन ताऱ्यांचा अनामिक धनी बरोबर होता. सप्रे तेव्हा पेंड्र्याला राजकुमारांना शिकवत होते आणि मासिक तिथूनच निघालं. आजचा गौरेला-पेंड्रा-मरवाही जिल्हा. मामांची चूक कुठून आली तेही सापडलं. सुरुवातीचे अंक रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात छापले गेले, नंतरचे नागपूरच्या देशसेवकमध्ये. मामांनी लहानपणी कधीतरी एका अंकाच्या पानावर छापखान्याचा पत्ता पाहिला होता आणि तो डोक्यात घट्ट बसला होता.

“हे लिहू का तिथे? त्याच्या खाली?” त्यांनी विचारलं. “चूक झाली, पण अशी झाली, म्हणून?”

भाचीने सकाळी ठामपणे नाही म्हटलं असतं. आता ती म्हणाली, “लिहा. पण तिथे नको. पुस्तकात.”

दुसरी आवृत्ती निघायची चिन्हं नव्हती. मग मामीने मैद्याची खळ केली, भाचीने स्टेशनजवळच्या दुकानातून चिठ्ठ्या छापून आणल्या, आणि तिघं जमिनीवर बसली. चिठ्ठीवर मजकूर असा: पान ४७, ओळ ९. ‘रायपूर’ऐवजी ‘पेंड्रा’ वाचावे. चूक दाखवणाऱ्या अनाम वाचकाचे आभार. शेवटच्या वाक्यावर मामी म्हणाली होती की एवढं कशाला, आणि मामा म्हणाले होते की त्याने २२० रुपये मोजलेत.

लग्नांच्या याद्यांबद्दल मामांनी काही केलं नाही. त्या तशाच राहणार आहेत.

घरात २१३ प्रती शिल्लक होत्या. रात्री साडेअकरापर्यंत सगळ्यांना चिठ्ठ्या लागल्या. संकेतस्थळावर त्या वाचकाचे तारे दोनच आहेत. कथासंग्रहाच्या उरलेल्या आठ कथा भाचीने परतीच्या गाडीत, दुर्ग जायच्या आत, उघडल्या होत्या.